अकाउंट उघडायला सगळे, बंद करायला कोण?



"तुम्ही नक्की काय करता?" या प्रश्नाला मी "युजर अकाउंट्स सांभाळतो" असं उत्तर दिलं की समोरच्याचा उत्साह मावळतो. पासवर्ड रीसेट करून देणारा माणूस, एवढीच आमची ओळख! पण वीसेक वर्षं न्यू जर्सीत हेच काम केल्यावर माझं एक मत झालंय. अकाउंट उघडणं हे यातलं सगळ्यात सोपं काम. ते वेळेवर आणि पूर्णपणे बंद करणं, तेही विंडोज, युनिक्स, लिनक्स अशी खिचडी असलेल्या नेटवर्कवर, हे खरं अवघड. आणि त्याची झळ आपल्यासारख्या कॉन्ट्रॅक्टवर किंवा व्हिसावर असलेल्यांना जास्त लागते, म्हणून हा लेखनप्रपंच.

डिरेक्टरी म्हणजे तलाठ्याचं दप्तर समजा. कोण माणूस, त्याचा हक्क कशावर, हे एका जागी लिहिलेलं असतं आणि बाकीचे सगळे त्या नोंदीवर विश्वास ठेवतात. गावाकडे आजोबा जाऊन पंधरा वर्षं झाली तरी सातबाऱ्यावर त्यांचंच नाव असतं, कारण फेरफार करायला कोणी गेलेलंच नसतं. कंपन्यांतही अगदी हेच होतं. फरक एवढाच, की आजोबांच्या नावाने कोणी रात्री दोन वाजता लॉगिन करत नाही.

बरं, कंपनीत दप्तर एकच असतं तर प्रश्न नव्हता. ऐंशीच्या दशकात सन कंपनीने युनिक्ससाठी 'यलो पेजेस' काढलं. ब्रिटनमध्ये त्या नावाचा ट्रेडमार्क ब्रिटिश टेलिकॉमकडे असल्यामुळे ते 'एनआयएस' झालं. कमांड्स मात्र 'वायपी'नेच सुरू होत राहिल्या. एमआयटीत १९८३ साली सुरू झालेल्या प्रोजेक्ट अथेनातून कर्बेरॉस आलं. मिशिगन विद्यापीठात १९९३ च्या सुमारास एलडॅप तयार झालं. मग मायक्रोसॉफ्टने विंडोज २००० बरोबर अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी आणली आणि तिच्या पोटात हेच दोघे, एलडॅप आणि कर्बेरॉस! म्हणजे भांडं वेगळं, डाळतांदूळ तेच. तिकडे ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेलने १९९२ च्या सुमारास सांबा सुरू केलं होतं. डिसेंबर २०१२ मध्ये आलेल्या सांबा ४ पासून तर लिनक्सचं मशीनही अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीचं डोमेन कंट्रोलर होऊ शकतं.

तरी सोयरीक पूर्ण जुळली असं नाही. युनिक्स माणसाला नावाने ओळखतच नाही, नंबराने ओळखतो. समजा जोशीबुवा २०४१ नंबरचे. ते गेले, अकाउंट पुसलं, आणि सहा महिन्यांनी तोच २०४१ एखाद्या नव्या मुलीला दिला, तर सर्व्हरवर राहिलेल्या जोशीबुवांच्या सगळ्या फाइल्स आपोआप तिच्या मालकीच्या! विंडोज प्रत्येकाला लांबलचक ओळखक्रमांक देतं आणि तो पुन्हा कोणाला देत नाही. म्हणून मिश्र नेटवर्कचा पहिला नियम: युनिक्सचा नंबरही कधी परत वापरायचा नाही. अकाउंट आधी नुसतं बंद करायचं, पुसायची घाई नको.

दुसरी गंमत नावांची. जुन्या युनिक्सवर लॉगिन आठ अक्षरांचं असायचं. 'कुलकर्णी' इंग्रजीत बरोबर आठ अक्षरी, त्यामुळे मागेपुढे इनिशियल लावायला जागाच नाही. 'देशपांडे' नऊ अक्षरी, शेवटचा 'ई' गळायचा. सचिन, सुनील, स्मिता हे तिघेही 'एसजोशी'. मग एकाच माणसाचं विंडोजवर एक नाव, युनिक्सवर दुसरं, ईमेलला तिसरं. लग्नानंतर आडनाव बदललं की काही ठिकाणी नवंच अकाउंट उघडतात आणि जुनं तसंच राहतं. (खरं तर फक्त नाव बदलायचं, आतला क्रमांक तोच ठेवायचा. ग्रुप्स, परवानग्या काही हलत नाही.) माणूस कंपनी सोडतो तेव्हा यातलं एक अकाउंट बंद होतं. बाकीची कोणाची, हे शोधणार कोण?

हे नुसतं भीती घालणं नाही, मंडळी. २४ ऑक्टोबर २००८ ला फॅनी मे या गृहकर्ज क्षेत्रातल्या बड्या संस्थेने मेरीलँडमधल्या एका कॉन्ट्रॅक्टरला काढलं. युनिक्स इंजिनिअर होता. त्याचा अ‍ॅक्सेस लगेच बंद झाला नाही, कारण कॉन्ट्रॅक्टरांचा अ‍ॅक्सेस होता खरेदी विभागाच्या हाती, आणि त्यांनी तो रात्री उशिरा बंद केला. तेवढ्या वेळात ३१ जानेवारी २००९ ला हजारो सर्व्हर पुसून टाकेल अशी स्क्रिप्ट पेरली गेली. काही दिवसांनी दुसऱ्या एका इंजिनिअरच्या नजरेस ती पडली म्हणून निभावलं.

दुसरं उदाहरण मे २०२१ चं. ह्यूस्टनहून न्यू जर्सीपर्यंत येणारी कलोनियल पाइपलाइन पाच-सहा दिवस बंद पडली, आणि अटलांटा, शार्लटकडे पेट्रोलसाठी रांगा लागल्या. हॅकर आत आले ते एका जुन्या व्हीपीएन अकाउंटवरून. ते वापरात नाही असं सगळे धरून चालले होते, पण ते बंद केलेलं नव्हतं. संरक्षणाला फक्त एक पासवर्ड. कंपनीने सुमारे ४४ लाख डॉलर खंडणी भरली.

दोन्हीकडे तंत्रज्ञान तोकडं पडलं नव्हतं. नोंदीला मालक नव्हता. पगारी नोकराची नोंद एचआरकडे असते. तो गेला की तिथून सूत्रं हलतात. कॉन्ट्रॅक्टर एचआरच्या यादीत नसतोच. कोणाचा मॅनेजर, कुठली एजन्सी, कधी संपणार, सगळं कोणाच्या तरी ईमेलमध्ये. म्हणून हे काम करणाऱ्यांसाठी माझी छोटी यादी:

१) कॉन्ट्रॅक्टरचं अकाउंट उघडतानाच त्यावर शेवटची तारीख घाला. मुदत वाढली तर मॅनेजरने येऊन सांगावं.

२) परवानगी माणसाला देऊ नका, ग्रुपला द्या. माणूस ग्रुपमधून काढला की काम झालं.

३) लिनक्सवर पासवर्ड लॉक केला म्हणजे दार बंद झालं असं समजू नका. एसएसएच की तशीच चालू राहू शकते.

४) अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत अकाउंट बंद केलं तरी आधी मिळालेलं कर्बेरॉसचं सर्व्हिस तिकीट, सेटिंग बदललेलं नसेल तर, दहा तासांपर्यंत चालू शकतं. चालू सेशन्सही तोडा.

५) रात्रीचे जॉब कोणाच्या वैयक्तिक अकाउंटखाली चालू आहेत ते आधीच बघून ठेवा. नाहीतर माणूस शुक्रवारी जातो आणि सोमवारी पगाराची फाइल निघत नाही.

आता टेबलाच्या दुसऱ्या बाजूचं. मी ज्यांची अकाउंट्स बंद केली त्यात आपलीही माणसं होती. तिकिटावर फक्त लॉगिन आणि वेळ असते. माणूस दिसत नाही. पण एच-१बी वाल्याची नोकरी गेली की २०१७ च्या नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, आणि अकाउंट बंद होतं ते एका मिनिटात. तेव्हा आय-७९७, पे-स्टब्स, ग्रीन कार्डचे कागद कंपनीच्या ईमेलमध्येच अडकलेले असले तर नवी नोकरी शोधायची सोडून आधी एचआरच्या मागे धावावं लागतं. त्या दिवशी आम्ही इच्छा असूनही ते काढून देऊ शकत नाही. नियम तसाच आहे, आणि फॅनी मे वाचल्यावर तो का आहे हेही कळतं.

म्हणून विनंती एवढीच. ही कागदपत्रं तुमची स्वतःची आहेत, त्यांच्या प्रती आजच घरी ठेवा. बँक, मुलांची शाळा, इमिग्रेशन वकील, कोणाकडेही कंपनीचा ईमेल पत्ता देऊ नका. कंपनीचं अकाउंट कंपनीच्या मालकीचं असतं. आपण त्यात भाडेकरू, आणि इथे नोटीस मिळेलच असं नाही.