लस चांगली, पण विचारलं होतं का?

पोलिओचे दोन थेंब तुम्ही सगळ्यांनी घेतलेले असणार. तुम्हांला ते आठवणार नाहीत, पण आईला विचारा. बूथवर कसं नेलं, तुम्ही किती रडलात, करंगळीला शाईची खूण कशी केली, सगळं ती सांगेल. भारतात निसर्गतः पसरणाऱ्या पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला. २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आपला भाग पोलिओमुक्त झाल्याचे जाहीर केले. केवढी मोठी गोष्ट, नाही का?

पण ही लस तयार करण्यासाठी कोणाकोणाला काय द्यावं लागलं, ठाऊक आहे? आणि ज्यांच्याकडून घेतलं, त्यांना कोणी विचारलं होतं का? चला, जरा मागे जाऊ या.

ज्यांना विचारलं

थेंबांच्या आधी पोलिओची लस इंजेक्शनने देत. ती तयार केली अमेरिकेतल्या डॉ. जोनास साल्क यांनी. प्रयोगशाळेत ती चांगली ठरली. पण हजारो-लाखो मुलांना दिल्याशिवाय खात्री कशी पटणार? म्हणून १९५४ साली एक प्रचंड मोठी चाचणी झाली. पहिली ते तिसरीतली सुमारे १८ लाख मुलं तिच्यात होती!

त्यांतल्या चार लाखांहून अधिक मुलांना खरी लस मिळाली. सुमारे दोन लाख मुलांना दिसायला तसंच, पण लस नसलेलं द्रावण टोचलं. बाकीच्यांवर नुसती नजर ठेवली. लस न मिळालेल्यांत पोलिओ जास्त होतो का, हे बघायचं होतं. आपल्या मुलाला कदाचित नुसतं द्रावणच मिळेल, हे तिथल्या पालकांना आधी सांगितलेलं होतं. सुई टोचायची ती पालकांनी लेखी सही दिली असेल तरच. आधी नीट समजावून सांगायचं, मग हो किंवा नाही म्हणू द्यायचं, याला म्हणतात समजून-उमजून दिलेली संमती. या मुलांना ‘पोलिओ पायोनिअर’ असं नाव मिळालं आणि छातीवर लावायला बिल्लाही मिळाला, बरं का!

१२ एप्रिल १९५५ रोजी निकाल लागला. लस यशस्वी!

जिला विचारलं नाही

आता याच लशीची दुसरी बाजू. लस टोचल्यावर मुलाच्या रक्तात पोलिओशी लढणारी प्रतिपिंडं तयार झाली की नाही, हे कसं ओळखायचं? त्यासाठी शास्त्रज्ञ काचेच्या नळीत जिवंत मानवी पेशी घेत. त्यांत पोलिओचे विषाणू आणि मुलाच्या रक्तातला द्रव घालत. पेशी जगल्या तर समजायचं, रक्तात प्रतिपिंडं आहेत. पेशी मेल्या तर नाहीत. हजारो मुलांचं रक्त तपासायचं म्हणजे पेशीही तशाच भरमसाट हव्यात.

त्या पेशी होत्या हेन्रिएटा लॅक्स नावाच्या एका कृष्णवर्णीय बाईच्या. तंबाखूच्या शेतात राबणाऱ्या घरातली ही पाच मुलांची आई. १९५१ साली तिला कर्करोग झाला. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात उपचार चालू असताना डॉक्टरांनी तिच्या गाठीचा छोटासा तुकडा काढून प्रयोगशाळेत दिला. तोवर मानवी पेशी प्रयोगशाळेत थोड्या दिवसांत मरून जात. हेन्रिएटाच्या पेशी मात्र वाढतच राहिल्या. ती ३१ व्या वर्षी वारली, पण ‘हीला’ या नावाने तिच्या पेशी आजही जगभर वाढत आहेत.

तिला कोणी विचारलं नव्हतं. त्या काळी तशी पद्धतच नव्हती आणि कोणताही नियम मोडला गेला नाही. तिच्या घरच्यांना हे सारं कळलं, ते १९७० नंतरच्या काळात! मध्यंतरी कितीतरी लोकांनी त्या पेशी विकून पैसेही कमावले. विचार करा, तुमच्या आईबद्दलची अशी गोष्ट तुम्हांला वीस वर्षांनी परक्या माणसाकडून कळली तर?

ज्यांना विचारताच येत नाही

लशीसाठी पोलिओचे विषाणू वाढवायचे, ते माकडांच्या मूत्रपिंडांतल्या पेशींवर. आणि ही माकडं यायची कुठून? आपल्या भारतातून! उत्तर हिंदुस्थानातली लाल तोंडाची माकडं विमानांत भरून परदेशी जायची, एकेका वर्षात लाखाच्या वर. पुष्कळ माकडं वाटेतच मरत. ज्या देशात मारुतीला नमस्कार करतात, तिथल्या लोकांना हे टोचणारच. १९५५ साली सरकारने काही काळ निर्यात थांबवली आणि मग अटी घालून पुन्हा सुरू केली. १९७८ पासून मात्र पूर्ण बंदी आली.

मग लस बंद पडली का? मुळीच नाही. शास्त्रज्ञांनी दुसरा मार्ग शोधला होता. १९६२ साली जपानमध्ये आफ्रिकेतल्या एका माकडाच्या मूत्रपिंडातून घेतलेल्या पेशी आजही प्रयोगशाळेत वाढताहेत. आज पोलिओच्या इंजेक्शनची बरीचशी लस त्यांच्यावरच तयार होते. प्रत्येक वेळी नवी माकडं मारावी लागत नाहीत.

मग आता करायचं काय?

काहीजण म्हणतील, ‘‘एवढं सगळं आहे, तर लसच नको!’’ थांबा. लस घेतली नाही म्हणून हेन्रिएटाला न्याय मिळत नाही. उलट एखादं पोर अपंग होऊ शकतं. काहीजण म्हणतील, ‘‘लाखो मुलं वाचली ना? मग जुनं कशाला उकरायचं?’’ हेही बरोबर नाही. तुमचं दप्तर न विचारता कोणी घेतलं आणि त्यातल्या वह्या गरजू मुलाला दिल्या, तर मदत झाली हे खरं. पण तुम्हांला विचारायला हवं होतं, हेही तितकंच खरं.

लोकांनी प्रश्न विचारले म्हणूनच पुढे नियम बदलले. अमेरिकेत टस्कीगी गावी १९३२ पासून ४० वर्षे शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांना त्यांच्या रोगाविषयी खरं न सांगता, योग्य उपचार न देता नुसतं निरीक्षणाखाली ठेवलं होतं. १९७२ साली ते वर्तमानपत्रांत छापून आलं, लोक संतापले आणि दोनच वर्षांत संशोधनात माणसांचं रक्षण करणारा कायदा झाला. २०१३ साली अमेरिकी सरकारच्या आरोग्य संशोधन संस्थेने लॅक्स कुटुंबाशी करार केला. हेन्रिएटाच्या पेशींतल्या जनुकांची सगळी माहिती कोणाला वापरू द्यायची, हे ठरवणाऱ्या समितीत आता तिच्या घरचे लोकही बसतात.

आणि आता खास तुमच्यासाठी एक गोष्ट! आपल्या देशातल्या २०१७ च्या मार्गदर्शक नियमांप्रमाणे संशोधनात लहान मुलांना सामील करताना पालकांची संमती तर लागतेच, पण ७ वर्षांच्या पुढच्या मुलाचं स्वतःचं ‘हो’ही लागतं. बारा वर्षांपर्यंत ते तोंडी चालतं, त्यापुढे लेखी. म्हणजे तुम्हांलाही विचारायलाच हवं!

दवाखान्यात मिळणाऱ्या नेहमीच्या लशींचं वेगळं. त्यांच्या चाचण्या आधीच होऊन गेलेल्या असतात आणि निर्णय आईबाबा घेतात. तरी प्रश्न विचारायला काय हरकत आहे? ही लस कशासाठी, ती कशी बनते, टोचल्यावर ताप येईल का, हे डॉक्टरकाकांना खुशाल विचारा. आणि पालकहो, मुलाने विचारलं तर ‘‘गप्प बस, हात पुढे कर’’ असं म्हणू नका. दोन मिनिटं लागतील, पण समजावून सांगा. समजलेलं पोर हात आपणहून पुढे करतं.