खलनायक शेवटच्या खोलीत राहत नाही

माझ्या पहिल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ कॅम्पेनचा खलनायक तिसऱ्याच सेशनला मेला. त्याच्यासाठी मी तेरा पानांचा इतिहास लिहिला होता: पोरकं बालपण, गुरूने केलेला घात, जळालेलं गाव. भाषणासाठी त्याने तोंड उघडलं न उघडलं, तोच एका खेळाडूचा वीस बाजूंचा फासा विसावर थांबला आणि कारभार आटोपला. टेबलाभोवती जल्लोष चाललेला, आणि मी पडद्याआड माझी तेरा पानं चाळत बसलेलो.

लांबलचक पूर्वेतिहासाने खलनायक खोल होतो, हा पहिला गैरसमज तिथेच फिटला. डीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डन्जन मास्टरच्या, वहीत काय आहे, ते खेळाडूंना दिसत नाही. त्यांना दिसतं ते त्यांच्या वाटेत काय आलं एवढंच.

खलनायक शेवटच्या खोलीत वाट बघत बसलेला असतो, ही समजूत मात्र चिवट आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली आला. त्या सुरुवातीच्या काळात खोली, राक्षस, खजिना, पुढची खोली असा मामला बराच चाले. ट्रेसी हिकमन यांना अशाच एका खेळात, खोलीचं दार उघडल्यावर, एक व्हँपायर भेटला. त्यांना प्रश्न पडला, हा इथे करतोय काय? त्यातून पत्नी लॉरा यांच्यासोबत त्यांनी लिहिलेलं ‘रेव्हनलॉफ्ट’ हे साहस १९८३ साली प्रसिद्ध झालं आणि काउंट स्ट्राड फॉन झारोविच जन्माला आला.

स्ट्राडला काहीतरी हवं आहे, आणि सगळी गंमत त्यातच आहे. धाकटा भाऊ सर्गेई याच्या वाग्दत्त वधूवर, तात्यानावर, त्याचा जीव जडला. लग्नाच्या दिवशी त्याने भावाला मारलं. ती त्याच्यापासून पळाली आणि किल्ल्यावरून खाली कोसळली. पुढे शतकानुशतकं तो तिचाच चेहरा शोधतो आहे. असा माणूस खोलीत बसून राहील कसा? किल्ल्यात तो नेमका कुठे भेटेल आणि या खेपेला त्याचा डाव काय, हे पत्त्यांच्या भविष्यकथनातून ठरतं, म्हणजे दर खेळात वेगळं. २०१६च्या ‘कर्स ऑफ स्ट्राड’मध्ये तर तो पाहुण्यांना रीतसर पत्र धाडून किल्ल्यावर जेवायला बोलावू शकतो. आमच्या टेबलावर त्या पत्राने जेवढी भीती बसली, तेवढी कुठल्या ड्रॅगनने बसली नाही.

यावर कुणी गायगॅक्सच्याच ‘टूम ऑफ हॉरर्स’ या साहसाकडे बोट दाखवेल. त्यातला खलनायक अॅसेरेरॅक खरोखरच शेवटी भेटतो, तोही नुसत्या कवटीच्या रूपात. खरं आहे. पण त्याआधीचा प्रत्येक सापळा, प्रत्येक खोटं दार त्याच्याच डोक्यातून निघालेलं आहे. खेळाडू पहिल्या पावलापासून त्याच्याशीच झुंजत असतात. व्हेक्ना या खलनायकाचं उदाहरण याहून मजेशीर. १९७६च्या ‘एल्ड्रिच विझार्ड्री’त तो स्वतः नव्हताच, होता फक्त त्याचा हात आणि डोळा. ती ताकद हवी तर आपला हात तोडायचा, आपला डोळा काढायचा. न भेटलेल्या खलनायकाची एवढी ओळख पुरते.

खलनायक पार्टीहून, म्हणजे खेळाडूंच्या टोळीहून, खूप ताकदवान केला की शेवटची लढाई रंगते, असंही पुष्कळांना वाटतं. इथे साधा हिशेब आडवा येतो. पाच खेळाडू म्हणजे प्रत्येक फेरीत पाच टर्न, आणि त्याचा एक. त्याचे हिट पॉइंट, म्हणजे मार सोसायची ताकद, दुप्पट केले तर लढाई फक्त लांबते. म्हणून तर २०१४च्या पाचव्या आवृत्तीत मोठ्या खलनायकांना दुसऱ्याच्या टर्नच्या शेवटी कृती करायची मुभा मिळाली. स्ट्राडचे हिट पॉइंट जेमतेम १४४, पण स्वतःच्या किल्ल्यात तो भिंतीतून आरपार जातो, आणि लढाई अंगाशी आली की काढता पाय घेतो. हा पळ मात्र नियमांतून आणि खेळाडूंच्या डोळ्यांदेखत झाला पाहिजे. डीएमने ओढूनताणून वाचवलेला खलनायक टेबलाला लगेच कळतो, आणि मग राग त्याच्यावर नव्हे, डीएमवर निघतो.

खलनायकाची दया यायलाच हवी, हे हल्लीचं खूळ. नको यायला. हेतू समजला म्हणजे झालं. सिनेमातला निळू फुल्यांचा पाटील आवाज न चढवता बोलायचा, त्याला काय हवंय ते नेमकं कळायचं, आणि दया कुणालाच यायची नाही.

शेवटचा गैरसमज माझ्याच अंगाशी आला: खलनायक कोण, हे डीएम ठरवतो. सध्याच्या कॅम्पेनमध्ये मी मोठ्या हौसेने एक अमर सम्राट रचला होता. वाटेतल्या जकातनाक्यावर एका किरकोळ कारकुनाने, कागद अपुरे म्हणून, पार्टीचं गाढव जप्त केलं. दहा मिनिटांचा विनोदी प्रसंग, बस. चार महिने झाले, खेळाडू अजून त्या कारकुनाच्या नावाने दातओठ खातात. सम्राटाचं नाव विचारलं तर वही उघडावी लागते.

गेल्या रविवारी मी सम्राटाला रजा दिली आणि कारकुनाला बढती. गाढव अजून त्याच्याच ताब्यात आहे.