एक्स-रे विभाग हलतो तेव्हा

सियागंजात सकाळपासून पोती उतरत असतात. किराणा, मसाले, हार्डवेअर, प्लास्टिक यांचा हा इंदूरचा ठोक बाजार स्टेशनच्या जवळच आहे. थप्पी ढासळून एखाद्या हमालाचा पाय सापडला, की त्याला एमवायला नेतात. महाराजा यशवंतराव होळकरांच्या नावाचं हे सात मजली सरकारी रुग्णालय 1950 च्या दशकात उभं राहिलं. 1948 साली सुरू झालेल्या महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाशी ते जोडलेलं आहे. धार, झाबुआ, खरगोन, बडवानीचे रुग्णही इथंच येतात.

या महाविद्यालयाचा पसारा आता एका इमारतीत मावत नाही. चाचा नेहरू बाल चिकित्सालय आहे, महाराजा तुकोजीराव होळकर रुग्णालय आहे, 2020 मध्ये कोविडच्या धामधुमीत वापरात आलेलं सुपर स्पेशालिटी आहे. रुग्णसेवा अशी पांगली, की रेडिओलॉजी कुठं बसवायची हा प्रश्न कुठल्याही मोठ्या रुग्णालयापुढे उभा राहतो. यंत्र निविदा काढून येतं. फिल्म वाचणारा एमडी मात्र एमबीबीएसनंतर आणखी तीन वर्षं घातल्यावर तयार होतो. म्हणून सगळीकडे एकच तोडगा निघतो: यंत्रं रुग्णापाशी, वाचन एका जागी. सीटी-एमआरआय बाहेरच्या संस्थेकडे सोपवले तर वाचणारा दुसऱ्या शहरातही असू शकतो. पुण्याच्या कृष्णा डायग्नोस्टिक्सचं काम याच पद्धतीनं चालतं. अनेक राज्यांतल्या सरकारी रुग्णालयांचे स्कॅन पुण्यातल्या केंद्रात वाचले जातात.

सोनोग्राफीला हा तोडगा लागू पडत नाही. तिथं प्रोब डॉक्टरच्याच हातात लागतो. शिवाय 1994 च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यानं यंत्र आणि जागा दोन्ही नोंदणीत बांधली आहेत, आणि 2012 च्या नियमदुरुस्तीनं एका डॉक्टरवर जिल्ह्यात दोनच केंद्रांची मर्यादा घातली. त्यामुळे कागदावर विभाग हलला तरी सोनोग्राफीची रांग जागची हलत नाही.

या फेरबदलाचा पहिला भार तंत्रज्ञावर येतो. लेड एप्रनच्या आत, छातीवर टीएलडी बॅज लावलेला हा माणूस. वर्षाकाठी त्याच्या अंगावर किती किरण पडले, ते या बॅजवरून कळतं. पूर्वी शेजारच्या खोलीत डॉक्टर असायचे. ‘सर, हा अँगल चालेल का?’ एवढं विचारायला दार ढकललं की पुरे. आता दुखऱ्या पायाला किती वळवायचं, कॉन्ट्रास्ट देण्याआधी क्रिएटिनिन पाहिलंय का, रुग्णाला धाप लागलीय त्याचं काय, हे सगळं त्याच्यावरच येतं. दारावर कोण उभं आहे, हेही तितकंच महत्त्वाचं. जानेवारी 2018 मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात ऑक्सिजनच्या सिलिंडरसह एमआरआयच्या खोलीत गेलेला एक तरुण नातेवाईक चुंबकाकडे खेचला गेला आणि त्याचा जीव गेला. वॉर्डातला कर्मचारी एका आस्थापनेचा आणि यंत्रावरचा दुसऱ्याच्या पगारावर असला, तर आत काय न्यायचं नाही हे कुणी सांगायचं, ते आधीच ठरलेलं हवं.

दुसरी झळ रुग्ण पाठवणाऱ्या डॉक्टरला लागते, आणि तिच्याविषयी फार कमी बोललं जातं. ओल्या फिल्मच्या काळात शस्त्रक्रियेचे निवासी डॉक्टर प्लेट हातात घेऊन रेडिओलॉजीत यायचे. व्ह्यूबॉक्ससमोर उभं राहून ‘पोट फुगलंय, पण गॅस दिसत नाही’ म्हणायचे, आणि त्या दोन मिनिटांत निदान बदलायचं. अमेरिकेत बाल्टिमोरचं माजी सैनिकांचं रुग्णालय 1993 मध्ये फिल्मविना सुरू झालं. तिथल्या अभ्यासात दिसलं, की साध्या एक्स-रेसाठी रेडिओलॉजिस्टला समक्ष येऊन भेटण्याचं प्रमाण 82 टक्क्यांनी घटलं, सीटी-एमआरआयसारख्या तपासण्यांसाठी 44 टक्क्यांनी. चित्र सगळ्यांच्या पडद्यावर आलं, तशी एकमेकांकडची पावलं थांबली.

दूरचा डॉक्टर कमी शिकलेला असतो असं नाही. त्याच्यापुढे येणारा कागदच अपुरा असतो. पर्चीवर नुसतं ‘सीटी ब्रेन’ लिहिलेलं असेल, तर तो सगळंच शोधत बसणार. ‘पोतं डोक्यावर पडलं, दोन उलट्या, डावा हात जड’ असं लिहिलं, तर त्याची नजर आधी कुठं जायची तिथं जाईल. माझ्या मते फेररचनेचा खरा खर्च या एका ओळीचा आहे, आणि निविदेत तिला रकाना नसतो. रिपोर्टखाली लिहिणाऱ्याचा थेट फोन नंबर हवा, आणि तो रात्री दोन वाजताही उचलला जायला हवा. आठवड्यातून एकदा सर्जन, फिजिशियन आणि रेडिओलॉजिस्टनी एकत्र बसून चुकलेल्या आणि अडलेल्या केसेस पाहायला हव्यात, आणि त्या बैठकीत तंत्रज्ञालाही खुर्ची हवी. रुग्णाचं विव्हळणं त्यानं ऐकलेलं असतं.