पाण्यातून इंधन : एका प्रयोगाचा हिशेब

नववीत असताना विज्ञान प्रदर्शनासाठी मी एक तक्ता तयार केला होता. वर ठळक अक्षरांत लिहिले होते, 'पाण्यावर चालणारी गाडी'. पाण्यात वीज सोडायची, हायड्रोजन काढायचा, तो वापरून गाडी चालवायची, आणि धुराऐवजी पुन्हा पाणीच! इतकी सोपी गोष्ट कुणीच कशी केली नाही, असे मला वाटत होते. त्याचे उत्तर मला तीन आठवड्यांत मिळाले. ते बालमित्रांना सांगावे म्हणून हा लेख.

पहिला प्रयत्न फसलाच. पाण्यातून वीज नीट वाहावी म्हणून मी त्यात मीठ घातले आणि तांब्याच्या तारा बुडवल्या. थोड्या वेळात पाणी हिरवट-निळे झाले आणि पोहण्याच्या तलावासारखा वास येऊ लागला. सर धावत आले. "अगं, मीठ घातलंस ना? हा क्लोरीन आहे. आधी खिडक्या उघड!" मिठातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो आणि तांबे झिजून पाण्यात उतरते, हे मला त्या दिवशी कळले. मित्रांनो, हा प्रयोग मोठ्यांच्या देखरेखीखालीच करा आणि घरातल्या प्लगची वीज त्यासाठी कधीही वापरू नका.

मग सरांच्या सांगण्यावरून मिठाऐवजी धुण्याचा सोडा घेतला आणि तारांऐवजी दोन्ही बाजूंनी टोक केलेल्या पेन्सिली. दीड व्होल्टचे चार सेल जोडले. दोन्ही पेन्सिलींवर पाण्याने भरलेल्या मोजनळ्या उलट्या धरल्या. वीस मिनिटांत ऋण टोकाकडे 23 मिलिलिटर हायड्रोजन जमला. दुसऱ्या नळीत ऑक्सिजन त्याच्या निम्म्याहून जरा कमी होता, कारण थोडा ऑक्सिजन पेन्सिलीतल्या कार्बनशी संयोग पावतो. सरांनी हायड्रोजनच्या नळीजवळ पेटती काडी नेताच 'फट्' असा आवाज झाला. आम्ही टाळ्या वाजवल्या.

सरांनी मात्र विचारले, "वीज किती घातलीस आणि या वायूतून किती परत मिळेल?"

मी वही काढली. 6 व्होल्ट, मल्टिमीटरवर 0.15 अँपिअर, वेळ 1200 सेकंद. गुणाकार 1080 ज्यूल. 23 मिलिलिटर हायड्रोजन जळला तर मिळतात सुमारे 270 ज्यूल. म्हणजे चार आणेच हाती आले, बारा आणे पाणी तापवण्यात गेले!

आम्ही दोन सेल काढून टाकले. 3 व्होल्टवर प्रवाह 0.05 अँपिअर झाला, बुडबुडे मंदावले. तेवढाच वायू जमायला एक तास लागला, पण ऊर्जा लागली 540 ज्यूल, म्हणजे निम्मी. पाण्याचे विघटन व्हायला कमीत कमी 1.23 व्होल्ट लागतात. प्रत्यक्षात त्याहून थोडे जास्त द्यावे लागतात, पण गरजेपेक्षा जितके जास्त द्याल तितके उष्णतेत वाया जाते.

खरी गोष्ट अशी, की पाणी हे इंधन नाहीच. ती हायड्रोजन जळून उरलेली 'राख' आहे. त्या राखेतून पुन्हा इंधन काढायचे तर जळताना मिळालेली ऊर्जा परत मोजावी लागते, वर तूटही सोसावी लागते. मोठ्या कारखान्यांतही एक किलो हायड्रोजनसाठी साधारण 50 ते 55 युनिट वीज लागते.

हायड्रोजनपासून पुन्हा वीज करणाऱ्या साधनाला इंधनघट म्हणतात. त्याचे तत्त्व विल्यम ग्रोव्ह यांनी 1839 साली दाखवले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या सहभागातून तयार झालेली इंधनघटावरची बस ऑगस्ट 2022 मध्ये पुण्यात सादर झाली. इंधनघटातही साधारण निम्मीच ऊर्जा विजेच्या रूपाने परत मिळते.

मग हायड्रोजन निरुपयोगी का? मुळीच नाही. आपल्या वडोदऱ्याजवळच्या कोयली रिफायनरीत तेलातले गंधक काढायला तो लागतो. खतासाठी लागणारा अमोनियाही त्यापासूनच होतो. पण आज बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायूपासून बनतो आणि दर किलोमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो. तोच सूर्य-वाऱ्याच्या विजेने पाण्यातून काढला तर त्याला 'हरित हायड्रोजन' म्हणतात. 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टन हरित हायड्रोजन बनवण्याचे ध्येय भारताने जानेवारी 2023 मध्ये ठरवले. म्हणजे प्रश्न पाण्याचा कमी आणि वीज कुठून आणली याचा जास्त.

प्रदर्शनाच्या आदल्या रात्री माझ्यापुढे प्रश्न होता, तक्ता तसाच ठेवायचा का? 'पाण्यावर चालणारी गाडी' वाचून गर्दी नक्कीच झाली असती. पण वहीतला 1080 चा आकडा डोळ्यांपुढून जाईना. शेवटी आईने जुन्या कॅलेंडरची मागची बाजू दिली आणि मी नवे शीर्षक लिहिले : 'वीज घातली 1080, हाती आले 270. का?'

आमचा नंबर आला नाही. पण एक परीक्षक वीस मिनिटे थांबले, वही मागून घेतली आणि दोन सेलांचा हिशेब पुन्हा करून पाहिला. तो बरोबर निघाला. ती वही अजून माझ्याकडे आहे.