कृष्णाकाठचे अथेन्स

प्राचीन ग्रीस आणि रोम यांचे चित्र आजच्या जगाच्या मनावर बव्हंशी चित्रपटांनी कोरले आहे. १९५९ चा 'बेन-हर', २००० चा 'ग्लॅडिएटर', मध्यंतरी येऊन गेलेला '३००' अशा कृतींनी रथांच्या शर्यती, रिंगणातील रक्तपात, पितळी शिरस्त्राणे आणि पांढऱ्याशुभ्र संगमरवराची नगरे हेच त्या जगाचे सर्वस्व होय, अशी समजूत घरोघर पोहोचविली. ते पुतळे आणि ती देवालये मुळात रंगविलेली होती. शतकानुशतकांच्या उन्हापावसाने रंग उडून गेले आणि उरलेल्या शुभ्रतेलाच पुढच्या युरोपने सौंदर्याचे परिमाण ठरविले. गत जग असे प्रत्येक समाज आपल्या निकडीप्रमाणे नव्याने रचीत असतो, आणि आपणा मराठी माणसांनीही ते रचले आहे. आपल्या ग्रीसमध्ये रिंगण जवळजवळ नाही. त्याच्या मध्यभागी आहे एक न्यायसभा, आणि तिच्यासमोर आपली कैफियत मांडणारा सत्तर वर्षांचा एक वृद्ध. ही रचना ज्यांच्या हातून झाली, त्यांतील कित्येकांची मुळे सातारा आणि सांगली या कृष्णाकाठच्या मुलखात सापडतात, हे मला विशेष मोलाचे वाटते.

प्रारंभ सॉक्रेटिसापासून नव्हे, होमरपासून करावा लागेल. महात्मा जोतीराव फुले यांचे मूळ घराणे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे. त्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली, तेव्हा तिच्या इंग्रजी प्रस्तावनेच्या शिरोभागी होमरचे एक वचन घातले : माणूस ज्या दिवशी गुलाम होतो, त्या दिवशी त्याचे अर्धे सत्त्व हरपते, अशा आशयाचे. मूळ महाकाव्यात हे उद्गार युमेअस नावाच्या वराहपालाच्या तोंडी येतात. धनी परदेशी गेला असता नोकरचाकर कामाची हयगय करतात आणि धन्याचा म्हातारा कुत्रा उकिरड्यावर बेवारस पडून राहतो, अशी त्याची तक्रार असते. म्हणजे त्या संदर्भात गुलामांच्या आळसाला बोल लावण्यासाठीच हे वचन उच्चारले गेले आहे. उच्चारणारा मात्र स्वतः राजपुत्र म्हणून जन्मलेला आणि बालपणीच पळवून विकला गेलेला गुलाम आहे. फुल्यांनी त्या वचनाची दिशाच पालटली. धन्याच्या बाजूने झालेली फिर्याद त्यांनी धन्यावरच दाखल केली, आणि अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांस अर्पण केलेल्या ग्रंथाच्या दारावर ती लावली. ज्या समाजाने गुलामांच्या श्रमावर आपली नगरे उभारली, त्याच समाजाच्या आदिकवीला शूद्रातिशूद्रांच्या वतीने साक्षीस उभे करणे, ही मराठीने ग्रीसची केलेली सर्वांत धाडसी पुनर्रचना होय, असे माझे मत आहे. पुढील पिढ्यांतील ग्रीकप्रेमी पंडितांना अथेन्सच्या लोकसत्तेचे जेवढे कौतुक वाटले, तेवढी त्या लोकसत्तेतून वगळलेल्या दासांची आणि स्त्रियांची आठवण राहिली नाही. फुल्यांना ती सर्वांआधी झाली होती.

सॉक्रेटिस मराठीत त्याही पूर्वी आला. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी १८५२ मध्ये त्याचे चरित्र लिहिले. पेशवाईचा अंमल संपून जेमतेम चौतीस वर्षे झाली होती. अशा वेळी आपल्या नगरातील प्रतिष्ठितांना भर बाजारात प्रश्न विचारून त्यांचे अज्ञान उघडे करणारा, ख्रिस्तपूर्व ३९९ मध्ये सुमारे ५०० पंचांसमोर तरुणांना बिघडविल्याच्या आणि नगराचे देव न मानल्याच्या आरोपाला तोंड देणारा, आणि मृत्यूची शिक्षा झाल्यावर पळून जाण्याची सोय असतानाही विषाचा पेला शांतपणे ओठांस लावणारा पुरुष मराठी वाचकाला प्रथम दिसला.

त्यानंतर चार वर्षांनी, १८५६ मध्ये, कऱ्हाडजवळच्या टेंभू या गावी गोपाळ गणेश आगरकरांचा जन्म झाला. आज टेंभूचे नाव दुष्काळी मुलखाला पाणी देणाऱ्या उपसा सिंचन योजनेमुळे सर्वतोमुखी आहे. एकेकाळी तेथून दुसरेही एक पाणी महाराष्ट्राला मिळाले, हे त्या परिसरातील मुलांना अवश्य सांगितले पाहिजे. रूढी असो वा श्रुती, बुद्धीच्या कसोटीला न उतरणारे काहीही मान्य करावयाचे नाही, हा बाणा आगरकरांनी १८८८ पासून 'सुधारका'तून चालविला, आणि विरोधकांनी ते जिवंत असतानाच त्यांची प्रेतयात्रा काढली. अथेन्सने आपल्या टीकाकाराला विष दिले. पुण्याने आपल्या टीकाकाराला त्याचेच प्रेत दाखविले. वयाची चाळिशीही न गाठता १८९५ मध्ये ते गेले. ज्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या संस्थापकांत आगरकर होते, तिने १९१९ साली सांगलीस विलिंग्डन महाविद्यालय काढले. आणि त्याच महाविद्यालयात पुढे साताऱ्याचे नरेंद्र दाभोलकर शिकले.

हा धागा पुढे नेण्यापूर्वी सांगलीच्या रंगभूमीकडे वळले पाहिजे. चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये येथे 'सीतास्वयंवर' केले. सूत्रधाराने कथा गात न्यावी आणि पात्रांनी मधूनमधून भाषणे करावीत, अशी त्या खेळांची धाटणी होती. अथेन्सच्या रंगभूमीचा उगमही गाणाऱ्या समूहातूनच झाला आणि एकेक पात्र त्यातून वेगळे निघाले, हे आठवले म्हणजे दोन्हींतील साम्य मनात भरते. भाव्यांपुढे नमुना होता तो कर्नाटकातील भागवत मंडळींच्या खेळांचा, ग्रीसचा नव्हे. तरीही देवादिकांच्या कथेतून नाटक जन्मास घालणाऱ्या या भूमीला ग्रीक नाटककार सोफोक्लीज परका वाटण्याचे कारण नव्हते. सदानंद रेगे आणि पु. ल. देशपांडे या दोघांनीही त्याची ईडिपसची शोकांतिका मराठीत आणली. पुलंनी आपल्या नाटकाचे नाव 'राजा ओयदिपौस' असे ठेवले. विंदा करंदीकरांनी ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र मराठी अभ्यासकांच्या हाती दिले. वाई येथे न्यायशास्त्रात मुरलेल्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली मराठी विश्वकोशाचे काम सुरू झाले, त्यातही ग्रीक साहित्याला आणि तत्त्वचिंतनाला विस्तृत स्थान मिळाले. संस्कृत पाठशाळेच्या गावी प्लेटोच्या नोंदीची तजवीज व्हावी, हे त्या काळाच्या मनाच्या मोकळेपणाचे लक्षण आहे.

आता पुन्हा त्या न्यायसभेकडे. १९९९ मध्ये मकरंद साठे यांचे 'सूर्य पाहिलेला माणूस' हे नाटक अतुल पेठे यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आले, आणि सॉक्रेटिसाची भूमिका डॉ. श्रीराम लागू यांनी केली. लागूंचा जन्म १९२७ चा, साताऱ्याचा. नाक-कान-घशाच्या शल्यचिकित्सेचा व्यवसाय सोडून रंगभूमीला वाहून घेतलेला, 'नटसम्राट'चा भार पेललेला हा नट या भूमिकेत उभा राहिला, तेव्हा त्याचे वय आणि खटल्याच्या वेळचे सॉक्रेटिसाचे वय जवळजवळ एकच होते. ईश्वराची कल्पना आता मोडीत काढावी, असे ते जाहीरपणे लिहीत व बोलत असत. त्यामुळे नगराचे देव न मानल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवला जाई, तेव्हा नट आणि पात्र यांच्यातील अंतर उरत नसे. पुढच्याच वर्षी चित्रपटगृहांत 'ग्लॅडिएटर' झळकला. एकाच सुमारास पाश्चात्य पडद्याने तलवार निवडली आणि मराठी रंगमंचाने युक्तिवाद निवडला, याचा मला निःसंकोच अभिमान वाटतो.

लागू आणि दाभोलकर महाराष्ट्रभर विवेकजागराचे वाद-संवाद घडवीत. लागू ईश्वरच नाकारीत. दाभोलकर म्हणत की, आपल्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा विरोध श्रद्धेच्या नावाने चालणाऱ्या शोषणाला आहे, उपासनेच्या स्वातंत्र्याला नाही. दोन मित्रांनी व्यासपीठावर उघडपणे मतभेद मांडावेत आणि श्रोत्यांना आपला निर्णय आपणच करावयास लावावे, ही सॉक्रेटिसाचीच रीत होती. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांचा गोळ्या घालून खून झाला. अथेन्सने निदान आरोप वाचून दाखविला होता आणि उत्तर ऐकून घेतले होते. येथे तेवढेही घडले नाही.

या सर्व रचनेत एक उणीव राहिली. ग्रीस आपल्याकडे बहुतेक इंग्रजीच्या वाटेने आले, आणि त्याआधीची आपली थेट ओळख विस्मृतीत गेली. कार्ले आणि जुन्नर येथील लेण्यांत यवनांनी, म्हणजे ग्रीकांनी, दिलेल्या दानांचे लेख आहेत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेली समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती तेथील टाउन हॉल संग्रहालयात आहे. सांगलीहून ती एका दिवसात पाहून परत येता येते. व्यापाराच्या गलबतांतून आलेला आणि बुद्धसंघाला खांब दान करणारा तो यवन आपल्या नाटकांत अद्याप उतरलेला नाही.

म्हणून सातारा-सांगलीच्या महाविद्यालयांना माझी विनंती आहे. आपल्याकडील दोनचार तरुणांना मूळ ग्रीक शिकण्यासाठी शिष्यवृत्ती द्या, त्यांच्याकडून सोफोक्लीज आणि प्लेटो थेट मराठीत आणवा, आणि ५ नोव्हेंबरच्या रंगभूमी दिनी सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात त्याचे प्रयोग करा.