खांबातला पाऊस

कल्याणात पारनाक्याच्या बाजूला एखादा जुना वाडा उतरवायला घेतात, तेव्हा विटामातीच्या भिंती आधी पडतात. सागाचा सांगाडा उभाच राहतो. घराचा भार मुख्यतः कोणी पेलला होता, ते तेव्हा दिसतं. भार तुळईवरून खांबात आणि खांबातून दगडी तळखड्यात उतरतो. खांबाचं कुसू, म्हणजे तासून बारीक केलेलं वरचं टोक, तुळईच्या खाचेत घट्ट बसवलेलं असतं. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण, आणि घर केवढं ते खणांतच सांगायचं. तळखडा नुसता शोभेचा नव्हे, जमिनीतली ओल लाकडात चढू नये म्हणून तो असतो. १९९३च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती माणसांवर कोसळल्या, पण आतले असे सांगाडे कित्येक घरांत उभे राहिले.

मला मात्र या खांबांच्या पोटात काय आहे याची ओढ जास्त आहे. साग उन्हाळ्यात पानं झाडतो आणि पावसाच्या सुमाराला पुन्हा वाढीला लागतो. सुरुवातीच्या वाढीतल्या नलिका मोठ्या, नंतरच्या बारीक, त्यामुळे दर वर्षाचं वलय वेगळं दिसतं. त्याच्या रुंदीत पावसाचा माग असतो. पंत आणि बोरगावकर या शास्त्रज्ञांनी १९८३ साली ठाणे परिसरातल्याच सागाची वलयं आणि इथलं हवामान यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला होता.

अशा वलयांवरून घराचं वयही काढता येतं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या डेडम गावी फेअरबँक्स कुटुंबाचं लाकडी सांगाड्याचं घर आहे. उत्तर अमेरिकेत आजही उभं असलेलं, या प्रकारचं सर्वांत जुनं घर ते मानतात. ते १६३७ ते १६४१च्या दरम्यानचं, हे त्याच्या लाकडांतल्या वलयांवरून ठरलं. जिवंत झाडांच्या वलयांचा रुंद-अरुंद क्रम जुन्या तुळईच्या क्रमाशी जुळवत मागे जायचं, अशी ही रीत.

आपल्याकडे एक अडचण आहे. सुतार सालीलगतचं कोवळं लाकूड तासून टाकतो आणि त्याबरोबर शेवटची वर्षंही जातात. तरी उरलेल्या वलयांवरून झाड केव्हाच्या आधी तोडलेलं असणं शक्य नाही, एवढं कळतं. क्रम जुळला तर लाकूड कोणत्या रानातलं, याचाही अंदाज येतो. कल्याणसारख्या बंदराच्या गावी हा प्रश्न मोलाचा आहे, कारण इथल्या मालात लाकडाचे ओंडके असल्याची नोंद कॉस्मस या प्रवाशाने सहाव्या शतकातच केली आहे.

वाड्याचे खांब आज वखारीत जातात, रंधले जातात, त्यांची टेबलं होतात. कुसवाचं टोक टेबलाच्या कामाचं नसतं. तिथूनच, कुसवाच्या जरा खाली, दोन बोटं जाडीची एक चकती कापून घ्यावी आणि तिच्यावर पेठेचं नाव नि वाडा पाडल्याचं साल लिहून ठेवावं.