सीटी झाला, पण चित्र कुठे अडकले?

मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद पडून पक्षाघाताचा झटका आला, की उपचाराविना दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचे, आणि त्याआधी मेंदूत रक्तस्राव नाही ना, हे सीटी स्कॅनवर पाहायचे. स्कॅन काही मिनिटांत होतो. मग डॉक्टरांच्या पडद्यावर चकती फिरत राहते आणि कोणीतरी म्हणते, ‘आज नेट स्लो आहे.’

अनेकदा बिचाऱ्या इंटरनेटचा यात काहीच संबंध नसतो. मोठ्या रुग्णालयांचा आता स्वतःचा खासगी क्लाउड असतो. एकाच यंत्रावर अनेक आभासी सर्व्हर चालतात: केसपेपर, प्रयोगशाळा, औषध भांडार, स्कॅनच्या प्रतिमा. प्रत्येकाचा संसार वेगळा दिसला, तरी माहितीचे कोठार आणि तिथे जाणारा रस्ता सामाईक असतो. सीटीचा एक छेद साधारण अर्धा एमबी. हजार छेदांची तपासणी म्हणजे अर्धा जीबी. त्याच वेळी कुणी बॅकअप सुरू केला, की कोंडी.

कोंडीचा एक प्रकार मोठा फसवा आहे. अशा अनेक ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या फायबर चॅनल जाळ्यात माहिती सांडू द्यायची नसते. पुढच्याने ‘जागा आहे’ असे कळवल्याशिवाय मागचा काही पाठवत नाही. एखादा सर्व्हर जुना, त्याची जोडणी ८ गिगाबिटची, आणि कोठार ३२ गिगाबिटने माल ओतणारे. त्याने झेपेल त्याहून जास्त मागवले, की त्याचा माल स्विचमध्ये तुंबतो आणि त्यामागे इतरांचाही. लिफ्टच्या दारात एक स्ट्रेचर अडकले की अख्खा मजला थांबतो, तसेच. अशा वेळी नवे, आणखी वेगवान कोठार घेतले तर दुखणे वाढूही शकते. खरेदी समित्यांना हे पटवणे कठीण जाते.

इलाज आम्हाला ओळखीचा आहे: अपघात विभागातला अग्रक्रम. जो सर्व्हर रस्ता अडवतो, त्याच्या मागणीवर मर्यादा घालायची; संथ वाहतुकीला वेगळी मार्गिका द्यायची; बॅकअप टप्प्याटप्प्याने घ्यायचे. ‘रात्री उरका’ हा कार्यालयीन सल्ला रुग्णालयात चालत नाही. झटका रात्रीही येतो. खराब केबलही तपासावी. आणि तासाची सरासरी पाहू नये. तासाभराच्या सरासरीत तापाची उसळी दिसत नाही, तशी काही सेकंदांची कोंडीही नाही. प्रत्येक मागणीला किती मिलिसेकंद लागले, ते पाहावे लागते.

म्हणून आमच्या निवासी डॉक्टरांना मी सांगतो, तक्रारवहीत ‘सिस्टीम स्लो’ एवढेच लिहू नका; नेमकी वेळ आणि कोणते काम अडले ते लिहा. आणि झटक्याचा रुग्ण असेल, तर चकतीकडे बघत बसू नका. स्कॅन यंत्राच्या कन्सोलवर चित्र आलेले असते, सरळ तिकडे जा.